घराच्या मधोमध चौक: ऊन, पाणी आणि मातीचा हिशेब

घर निसर्गाशी जोडायचं म्हटलं की आधी झाडांची यादी होते, नाहीतर मोठ्या काचेच्या दारांचे फोटो जमतात. आपल्याकडे या प्रश्नाचं उत्तर फार जुनं आहे. घराच्या पोटात आभाळाला उघडी जागा ठेवायची आणि खोल्या तिच्याभोवती मांडायच्या. देशावरच्या वाड्यात तो चौक, गोव्यातल्या जुन्या हिंदू घरांत राजांगण. आजच्या बंगल्यातही तो उत्तम चालतो, पण एका अटीवर: आधी ऊन, मग पाणी, मग माती आणि झाड सगळ्यांत शेवटी. हा क्रम उलटला की दोन-तीन पावसाळ्यांत चौकावर पत्रा चढतो आणि त्याची अडगळीची खोली होते. पत्रा घालायची वेळ येते ती बहुतेक वेळा पाण्यामुळे. म्हणून या लेखात पाण्याला सगळ्यांत जास्त जागा दिली आहे.

माप ठरवताना आधी सावली मोजा

एकमजली घरात चौक १० बाय १२ फुटांपेक्षा लहान नको. ८ बाय ८ चा चौक नकाशावर बरा दिसतो, पण चारी बाजूंच्या वळचणी दोन-दोन फूट पुढे आल्या की आभाळ उरतं ४ बाय ४. मापं नेहमी वळचणीच्या कडेपासून कडेपर्यंत धरा, भिंतीपासून नाही.

हिवाळ्यातलं ऊन जमिनीपर्यंत पोचतं का, हे घरबसल्या काढता येतं. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला मध्यान्हीचा सूर्य नागपुरात क्षितिजापासून साधारण ४५ अंशांवर असतो, पुण्यात ४८ आणि पणजीत ५१. त्यामुळे दक्षिणेकडच्या वळचणीची सावली उत्तरेकडे पडते ती वळचणीच्या उंचीइतकी नागपुरात, ०.९ पट पुण्यात आणि ०.८ पट गोव्यात.

पुण्यातलं उदाहरण घेऊ. वळचणीची कड चौकाच्या फरशीपासून ८ फुटांवर आहे. सावली ८ गुणिले ०.९, म्हणजे ७ फुटांहून थोडी जास्त. दक्षिण-उत्तर अंतर १२ फूट असेल, तर भर थंडीतही उत्तरेकडच्या पावणेपाच फुटांच्या पट्ट्यात ऊन येतं. तुळस, लिंबू, कढीपत्ता यांची जागा तीच. दक्षिणेच्या भिंतीलगत लावलेली तुळस दिवाळीनंतर झुरते ती याच कारणाने. तीन फूट उंच वृंदावनाच्या माथ्यावर तीच सावली साडेचार फुटांवर येते, म्हणून वृंदावन उंच बांधण्यात शहाणपण आहे.

आता घर दुमजली करून पाहा. वळचण १८ फुटांवर गेली की सावली १६ फुटांची होते आणि १२ फुटांच्या चौकात नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मध्यान्हीचं ऊन फरशीला शिवत नाही. फरशी ओलसर राहते, शेवाळं धरतं. उपाय सोपा आहे, पण तो नकाशावरच करायला हवा: वरचा मजला उत्तर, पूर्व किंवा पश्चिम बाजूला घ्या आणि दक्षिणेची बाजू एकमजलीच ठेवा.

उन्हाळ्यात प्रकरण उलटं. मेच्या मध्यात पुण्यात सूर्य थेट डोक्यावर येतो, त्या दिवशी मध्यान्हीला सावलीच नसते. भिंती कितीही उंच असल्या तरी फरशी तापते. म्हणून मार्चअखेरपासून पहिल्या पावसापर्यंत वरून सावली हवीच. सगळ्यांत स्वस्त सोय म्हणजे दोन तारांवर पडद्यासारखी सरकणारी ५० टक्के सावलीची हिरवी जाळी. सकाळी अकराला ओढायची आणि सूर्य मावळल्यावर आठवणीने मागे सारायची. रात्री आभाळ उघडं राहिलं तरच फरशी आणि भिंती दिवसभराची धग सोडतात. विदर्भ-मराठवाड्यात चौकाचा खरा फायदा या रात्रीच्या गारव्याचा आहे.

कोकण-गोव्यात गणित वेगळं. तिथे रात्रही फारशी गार होत नाही, वारा खेळला तरच बरं वाटतं. चारी बाजूंनी बंद चौक कोंदटतो. तिथे चौकाच्या समोरासमोरच्या दोन बाजू बाहेरपर्यंत उघडतील अशा ठेवा: एकीकडे समोरचं दार आणि ओटी, दुसरीकडे मागची पडवी, मधे चौक. खोल्या एकामागे एक न लावता एकेरी ओळीत लावा, म्हणजे प्रत्येक खोलीला एक खिडकी चौकात आणि एक बाहेर मिळते.

पाणी: किती, कुठून, कुठे

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हे एक वाक्य लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सुटतं.

समजा चौक १२० चौरस फूट आणि आत उतरणारं छप्पर ४०० चौरस फूट. एकूण ५२० चौरस फूट, म्हणजे साधारण ४८ चौरस मीटर. तासाभरात १०० मिमी कोसळला तर चौकात ४,८०० लिटर पाणी येईल, मिनिटाला ८० लिटर. ११० मिमीचा एक पीव्हीसी पाइप १:१०० उतारावर एवढं पाणी आरामात नेतो. तरीही पाइप दोन टाका. पाइप लहान पडल्यामुळे चौक तुंबत नाही, जाळीवर बसलेल्या चार पानांमुळे तुंबतो. दुसऱ्या पाइपचं तोंड फरशीपासून दोन इंच वर भिंतीत ठेवा; पहिला बंद पडला तरच तो चालू होईल आणि बाहेर पाणी पडताना दिसलं की कळेल, आतली जाळी साफ करायची आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. याच चौकात त्या दिवशी पंचेचाळीस हजार लिटर उतरले असते. दुसरं तोंड अशा दिवसासाठी.

हे पाइप घराच्या जमिनीखालून बाहेर जातात, म्हणून जोत्याचा भराव टाकण्याआधीच ते बसले पाहिजेत. सरळ रेषेत टाका, मधे बेंड नको. दोन्ही टोकांना चेंबर घ्या, कारण कधीतरी बांबूची कामटी किंवा सळई घालून गाळ काढावाच लागतो. वाळूच्या थरावर पाइप ठेवून भोवती काँक्रीट भरा, नाहीतर भराव दबला की पाइप मधेच खचतो आणि तिथे गाळ साठतो. संडास-बाथरूमच्या लाइनला हे पाणी कधीच जोडू नका. ती लाइन भर पावसात उलटी फुगली तर घाण थेट चौकात वर येते.

पातळ्या अशा ठेवा. चौकाची फरशी भोवतीच्या ओसरीपेक्षा ६ इंच खाली, कोकणात ९ इंच. आणि हीच फरशी बाहेरच्या अंगणापेक्षा किमान एक ते सव्वा फूट वर. म्हणजे घराचं जोतं दोन फुटांच्या आत चालणार नाही. समोरच्या रस्त्यावर दर काही वर्षांनी डांबराचा थर चढतो हेही धरून चाला. आज रस्त्याला समतल असलेला चौक दहा वर्षांनी खड्डा ठरतो, आणि तेव्हा तो उचलता येत नाही.

कौलारू छपराला आतल्या बाजूने पन्हळ लावायचं की पागोळ्या थेट चौकात पडू द्यायच्या? शक्य असेल तिथे पागोळ्याच पडू द्याव्यात असं आमचं मत. आढ्याचं पाणी वळचणीला यायचंच, आणि चौक असलेल्या घरात पावसाचा खरा आनंद त्या पडद्यात आहे. शिवाय पन्हळात पानं साठतात, पत्रा गंजतो आणि गळती नेमकी तुळयांवर होते. पागोळ्यांसाठी वळचणीच्या बरोबर खाली ९ इंच रुंद, ६ इंच खोल नाली चौकाभोवती फिरवा आणि ती नदीतल्या गोट्यांनी भरा. गोट्यांवर पडलेलं पाणी फुटतं, उडत नाही. सपाट फरशीवर पडलेली पागोळी दीड-दोन फूट उंच शिंतोडे उडवते, म्हणून भिंतींना आणि खांबांच्या पायांना दोन फुटांपर्यंत दगड लावा. त्या पट्ट्यात रंग टिकत नाही.

वळचण पुण्याकडे दोन फूट, कोकणात तीन ते साडेतीन फूट पुढे हवी. कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून तिरका येतो, म्हणून घराच्या त्या बाजूच्या पडवीला पावसाळ्यापुरते झाप (माडाच्या झावळ्यांचे विणलेले पडदे) बांधायची जी पद्धत आहे, ती अजूनही सगळ्यांत व्यवहारी आहे. झाप मिळत नसतील तर बांबूच्या चटया.

फरशी आणि भिंत मिळते तो कोपरा

चौक बिघडतो तो इथून. फरशी आणि जोत्याची भिंत जिथे काटकोनात मिळतात, तिथे वर्षभरात केसाएवढी फट पडते. पाणी आत जातं, भरावात मुरतं आणि भोवतीच्या भिंतींतून वर चढतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर आतल्या खोलीच्या भिंतीला फूटभर उंचीवर लोणा, म्हणजे खाराची पांढरी पुटं, दिसू लागतो. मग लोक भिंत खरवडून पुन्हा रंगवतात, आणि दोष असतो पलीकडे, चौकात.

काम या क्रमाने करून घ्या. दाबलेल्या मुरमावर सोलिंग, म्हणजे दगडांचा थर, त्यावर ४ इंच पीसीसी, म्हणजे सळईविना साधं काँक्रीट. कोपऱ्यात सिमेंट-वाळूची दोन इंच त्रिज्येची गोलाई काढा, काटकोन उरता कामा नये. त्यावर पाणी अडवणाऱ्या पॉलिमर-सिमेंटच्या लेपाचे दोन हात, दुसरा हात पहिल्याला आडवा. हा थर फरशीवर थांबवू नका. भिंतीवर एक फूट आणि झाडाच्या आळ्याच्या कठड्यावर वरपर्यंत चढवा. ओसरीकडच्या बाजूला जोतं सहाच इंच उंच असतं, तिथे तो ओसरीच्या कडेपर्यंत नेऊन काठाच्या दगडाखाली दाबा. पाइप जिथे फरशीतून बाहेर पडतो तिथे फायबरची जाळी थरात दाबून घ्या, बहुतेक गळत्या तिथेच असतात.

थर वाळला की पाइप बोळ्याने बंद करून दोन इंच पाणी भरा आणि तीन दिवस ठेवा. पातळी भिंतीवर पेन्सिलीने मारा आणि शेजारी तेवढ्याच पाण्याने भरलेली पसरट परात ठेवा. उन्हाने पाणी दोन्हीकडे उडतं. परातीत जेवढं उतरलं त्यापेक्षा चौकात जास्त उतरलं, तर गळती आहे. फरशी बसण्याआधी ती सापडली तर तासाभराचं काम, नंतर सापडली तर सगळा चौक उखडावा लागतो.

वर खरबरीत शहाबाद बसवा, पॉलिश न केलेली. कोटा चालतो, पण तोही पॉलिशविना. व्हिट्रिफाइड टाइल किंवा ग्रॅनाइट पावसात निसरडी होते आणि घरातली म्हातारी माणसं चौकात उतरायचीच थांबतात. जांभा कोकणात शोभतो, पण पाणी पितो आणि लवकर शेवाळतो. तो भिंतीला आणि काठाला ठेवा, पायवाटेला नको. उतार १:८०, म्हणजे दहा फुटांत दीड इंच. सिमेंट ओलं असतानाच लांबच्या कोपऱ्यात काचेची गोटी सोडा. ती आपसूक जाळीकडे गेली पाहिजे. मधेच थांबली तर तिथे डबकं होणार, फरशी उचलून पुन्हा बसवायला सांगा. मिस्त्री कुरकुर करेल, पण तेवढं ऐकून घ्या.

ओसरी, दारं, विजेचे बोर्ड

घर आणि चौक यांना जोडणारा भाग म्हणजे ओसरी, आणि जागा वाचवायला लोक तिच्यावरच कात्री चालवतात. तीन फुटांची ओसरी फक्त जाण्यायेण्याची वाट होते. खुर्ची टाकून बसायचं आणि शेजारून माणूस जायचा तर पाच फूट लागतात. झोपाळा हवा असेल तर आठ फूट. नाहीतर तो प्रत्येक झोक्याला भिंतीच्या जवळ जातो. खोलीतून थेट चौकात उघडणारी काचेची सरकती दारं ओसरीला पर्याय होत नाहीत. पावसात ती बंद ठेवावी लागतात आणि नेमक्या त्या चार महिन्यांत निसर्ग काचेपलीकडे राहतो.

दाराला दगडी उंबरा एक इंच वर आणि बाहेर किंचित उतरता. सरकत्या दाराच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने भोकं असायला हवीत, आणि गवंड्याने ती सिमेंटने बुजवलेली नाहीत हे स्वतः बघा. फ्लश दारं (प्लायवूडची सपाट दारं) चौकाकडे लावू नका, पहिल्याच पावसाळ्यात फुगतात; सागवान किंवा ॲल्युमिनियम घ्या. चौकाकडच्या भिंतीला आतून कपाट लावायचंच असेल तर मागे दोन इंच पोकळी ठेवा, नाहीतर कपड्यांना बुरशी धरेल. विजेचे बोर्ड चौकाच्या फरशीपासून तीन फुटांच्या वर, झाकणाचे, आणि त्या सर्किटला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. ओल्या पायाने आणि ओल्या हाताने वावरायची जागा आहे ही.

वर काच किंवा पॉलिकार्बोनेट घालायचा मोह आवरा. गरम हवा वर जाते आणि झाकणाखाली अडकते, घराची भट्टी होते. घालायचंच असेल तर छपरापासून दीड-दोन फूट उंच उचला आणि चारी बाजू उघड्या ठेवा.

माती आणि झाड

झाडासाठी ३ बाय ३ बाय ३ फुटांचं आळं. तळाला काँक्रीट नको, मुळांना आणि पाण्याला खाली वाट हवी. दोन भाग पोयटा किंवा लाल माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू. आळ्याची माती कठड्यापेक्षा दोन इंच खाली ठेवा, नाहीतर प्रत्येक सरीत माती वाहून जाळीवर बसते.

घर काळ्या मातीवर असेल तर जपून. ही माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. पायाजवळ एका जागी रोज पाणी मुरलं तर घराची एक बाजू उचलली जाते आणि दारांच्या कोपऱ्यांतून तिरक्या भेगा निघतात. अशा जमिनीत काळी माती काढून मुरूम भरा, आळ्याच्या चारी बाजूंना तीन फूट खोल जाड एचडीपीई (प्लास्टिकचा) कागद उभा लावा आणि पाणी ठिबकने, मोजून द्या.

वड, पिंपळ, उंबर चौकात नको, कुंडीतही नको. त्यांची मुळं पाइपच्या सांध्यातला ओलावा शोधत जातात. आंबा-फणसालाही ही जागा पुरत नाही. चौकासाठी सगळ्यांत चोख झाड म्हणजे पांढरा देवचाफा. थंडीत पानं गाळून ऊन खाली सोडतो, उन्हाळ्यात पानं धरून सावली देतो, मुळं आटोपशीर. फक्त त्याचा चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. प्राजक्त, अनंत, डाळिंब, लिंबू हेही चालतात. प्राजक्त मात्र दरवर्षी छाटावा लागतो. झाड जोत्यापासून किमान साडेचार फूट दूर. दक्षिणेच्या सावलीत अळू, हळद, नेचे, मनी प्लांट सुखाने वाढतात. लाकडाचा भुसा किंवा चिपा मातीवर पसरू नका, वाळवीला आमंत्रण आहे. माती आणि घराचं लाकूड यांचा कुठेही स्पर्श नको.

वरच्या मजल्याच्या सज्ज्यात बांधीव वाफे करायचे असतील तर अभियंत्याला आधी सांगा. ओली माती घनमीटरला १,८०० किलोच्या आसपास भरते. फूटभर थर म्हणजे चौरस मीटरला साडेपाचशे किलो. सज्जा साधारण तीनशेच्या हिशेबाने बांधलेला असतो. आधीच बांधलेल्या सज्ज्यात कोकोपीटच्या हलक्या कुंड्याच ठेवा, त्याही भिंतीकडच्या बाजूला.

डास, साप, चोर

पाणी साठलं की आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. म्हणून आठवड्यातून एक ठरलेला दिवस कोरडा पाळा: कुंड्यांखालच्या बशा, गोट्यांची नाली, जाळीखालचं भांडं. छोटा हौद हवा असेल तर दीड फूट खोल ठेवा आणि गप्पी मासे सोडा. लहान मूल घरात असेल तर हौद दोन-तीन वर्षं थांबू द्या. पाइपच्या बाहेरच्या तोंडाला स्टेनलेस स्टीलची जाळी लावा, साप आणि उंदीर तिथूनच येतात. वरच्या बाजूला १२ मिमी चौकोनी सळ्यांची जाळी, ४ इंच अंतराने. माकडांचा त्रास असलेल्या भागात तिला पर्याय नाही. तिच्या एका भागाला कुलुपाचं दार ठेवा, नाहीतर झाड छाटायला वर जाता येत नाही.

पहिला पाऊस

मेअखेरीस कौलं चाळून घ्या, दोन्ही चेंबर उघडून बादलीने पाणी ओतून बघा. पहिल्या मोठ्या सरीत छत्री घेऊन चौकात उभे राहा आणि चार गोष्टी पाहा: पागोळ्या नालीतच पडतात का, पाणी कुठल्या कोपऱ्यात रेंगाळतं, शिंतोडे ओसरीच्या फरशीवर कुठपर्यंत येतात, बाहेरच्या चेंबरमध्ये धार किती वेळाने पोचते. जिथे चुकतंय तिथे खडूने खूण करा आणि तारखेसह फोटो काढा. डागडुजी ऑक्टोबरमध्ये, फरशी पूर्ण वाळल्यावर. शेवाळं काथ्याच्या ब्रशने आणि ब्लीचिंग पावडरने घासा. ॲसिड ओतू नका. शहाबाद चुनखडीच आहे, ती फसफसते, पृष्ठभाग सच्छिद्र होतो आणि पुढच्या वर्षी शेवाळं दुपटीने धरतं.